रिव्हर्स कॅमेऱ्याचं सेटिंग परत परत बिघडतंय? आधी स्क्रीनवरचं घड्याळ बघा

आमच्या सोसायटीच्या बेसमेंटमध्ये माझ्या पार्किंगच्या डाव्या मागच्या कोपऱ्यात एक खांब आहे. त्याला पिवळे-काळे पट्टे मारलेत आणि त्या पट्ट्यांवर माझ्या गाडीचा चंदेरी रंग तीन ठिकाणी लागलाय. तिसऱ्या वेळी बंपरचं बिल भरलं आणि मुकाट्याने नऊ इंची अँड्रॉइड स्क्रीन आणि नंबरप्लेटच्या वर बसणारा कॅमेरा लावून घेतला. गाडी २०१६ची हॅचबॅक, मागे ना सेन्सर ना काही. नव्या गाड्यांना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले ते १ जुलै २०१९पासून, एआयएस-१४५ या वाहनांच्या मानकाने. गंमत म्हणजे हे एआयएस नियम ठरवणाऱ्या समितीचं सचिवालय आपल्याच पुण्यात वेताळ टेकडीवर, एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत आहे. म्हणजे रिव्हर्स टाकल्यावर देशभर जी पिपपिप ऐकू येते तिचे कागद कोथरूडला लागलेत. त्या नियमाला पिपपिप पुरते, कॅमेरा लागत नाही. तो आपला आपण बसवायचा आणि पुढचं सगळं आपलं आपण निस्तरायचं.

निस्तरायचं ते हे. कॅमेरा बसवल्यावर पंधरा दिवस चित्र छान आलं. मग एके दिवशी रिव्हर्स टाकला तर चित्र काळपट, पार्किंगच्या रेघा उजवीकडे सरकलेल्या आणि डावं-उजवं उलटं. दुकानात गेलो, पोराने दोन मिनिटांत सगळं जागेवर आणलं. दहा-बारा दिवसांनी परत तेच. असं चार वेळा झालं. दर वेळी दुकानातून एकच उत्तर: "सेटिंग हललं असेल, साहेब." सेटिंग हलायला तो काय घडवंचीवरचा हंडा आहे?

हलत नाही, विसरलं जातं. हे माझ्या डोक्यात आलं ते विविध भारतीमुळे. सकाळी सिंहगड रोडच्या गर्दीत मी १०१ लावतो, ते पहिल्याच बटणावर ठेवलेलं. त्या दिवशी बटण दाबलं तर नुसती खरखर. सगळी जतन केलेली स्टेशनं गायब, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात तारीख १ जानेवारी. कॅमेरा बिघडायचा त्याच दिवशी रेडिओही कोरा व्हायचा, फक्त मी तो जोड कधी लावला नव्हता. घड्याळाने फसवलं होतं, कारण फोनचं हॉटस्पॉट किंवा जीपीएस मिळालं की ते मिनिटभरात स्वतःच बरोबर होतं. म्हणून तुमच्याकडेही हाच त्रास असेल तर कॅमेऱ्याच्या मेनूत शिरण्याआधी एवढंच करा: किल्ली फिरवल्या फिरवल्या, हॉटस्पॉट बंद ठेवून, घड्याळ आणि रेडिओची बटणं बघा. ती कोरी असतील तर कॅमेरा निर्दोष आहे. स्क्रीनला रात्रभर जी वीज मिळायला हवी ती मिळत नाहीये.

पिवळ्या वायरची गोष्ट

बाहेरून बसवलेल्या स्क्रीनच्या मागे वायरांचा एक गुच्छ येतो. त्यातल्या चार-पाच वायरा ओळखीच्या करून घ्या. पिवळी थेट बॅटरीची, किल्ली काढली तरी तिच्यात १२ व्होल्ट हवेत. स्मरण राखायचं काम तिचं. लाल किल्लीवरची, स्क्रीन चालू-बंद करणारी. काळी अर्थिंगची. नारिंगी पार्किंग लाइटची, हिची गोष्ट पुढे येईल. आणि एक रिव्हर्सची, तिच्यावर १२ व्होल्ट आले की स्क्रीन कॅमेऱ्यावर जाते. हे रंग स्क्रीनकडच्या बाजूचे. गाडीकडच्या वायरिंगचे रंग कंपनीगणिक वेगळे, तिथे रंगावर जाऊ नका, मल्टिमीटर लावा.

रविवारी आमच्याकडचे एक वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियन घरी आले. डॅशबोर्डची पट्टी प्लास्टिकच्या पातीने उचकटली, चार स्क्रू काढले, स्क्रीन पुढे ओढली आणि चष्मा कपाळावर सरकवून थोडा वेळ नुसतं बघत राहिले.

"कुणी बसवलंय हो हे?"

मी दुकानाचं नाव सांगितलं. त्यांनी काही म्हटलं नाही, फक्त पिवळी वायर दोन बोटांत धरून माझ्यासमोर आणली. गाडीच्या वायरचं प्लास्टिक मध्येच दाताने सोलावं तसं सोललेलं, त्यावर पिवळीची तार सुतळीसारखी अडीच वेढे गुंडाळलेली आणि वरून काळी टेप. टेपचा डिंक एप्रिलच्या उन्हात पातळ होऊन वायरभर ओघळला होता, धूळ बसून त्याचा काळा चिकटा झाला होता. टेप आता कशालाच चिकटली नव्हती, बाहीसारखी पुढेमागे सरकत होती. काकांनी वायर जराशी हलवली, स्क्रीन विझली आणि कंपनीचा लोगो नव्याने उगवला.

"स्पीडब्रेकरवर कधी बंद पडून सुरू होते का?"

होत होती. मी ते सॉफ्टवेअरच्या माथी मारलं होतं.

इलाज वीस मिनिटांचा निघाला. जुना जोड कापला, दोन्ही टोकं नीट सोलून कथिलाचा डाग मारला (म्हणजे सोल्डर केलं), वर आकसणारी नळी चढवून लायटरने तापवली आणि गुच्छ प्लास्टिकच्या पट्टीने डॅशबोर्डच्या सळईला बांधला, म्हणजे खड्ड्याचा हिसका जोडावर येत नाही. डाग मारायचा नसेल तर दाबून बसवायचे कनेक्टरही चालतात, पण नुसता पीळ आणि टेप नको. याला सामान काय लागतं, तर वीतभर नळी आणि थोडा कथील. तापकीर गल्लीत दोन्ही मिळतं.

तुमचा जोड पक्का असूनही स्मरण जात असेल तर दुसरा संशय असा: बसवणाऱ्याने पिवळी आणि लाल एकत्र करून दोन्ही किल्लीवर जोडल्या असतील. हे चुकून होतं तसं मुद्दामही करतात. कुणीतरी 'बॅटरी उतरते' म्हणून परत आलेलं असतं, मग पुढच्या प्रत्येक गाडीत पिवळीला किल्लीवर टाकून मोकळे होतात. तपासणी सोपी आहे. किल्ली काढा, मल्टिमीटरचं लाल टोक पिवळीवर, काळं टोक गाडीच्या पत्र्याला. बारा-साडेबारा व्होल्ट आले तर ठीक, शून्य आलं तर चोर सापडला.

बॅटरी उतरण्याची भीती मात्र अगदीच खोटी नाही, म्हणून थोडा हिशेब. स्क्रीन नीट झोपत असेल तर ती समजा २० मिलिअँपिअर खाते. दिवसाला अर्ध्या अँपिअर-अवरच्याही आत, पंधरा दिवसांत साधारण सात. हॅचबॅकच्या ३५ अँपिअर-अवरच्या बॅटरीला हे झेपतं. पण काही स्क्रीन झोपतच नाहीत, फक्त दिवा मालवून जाग्या राहतात. अर्धा अँपिअर जरी ओढला तरी दिवसाला बारा, म्हणजे तीन दिवसांत सेल्फ बसला. तेव्हा किल्ली काढून दहा मिनिटांनी पिवळीतला प्रवाह मोजायला सांगा. तो जास्त असेल तर स्क्रीनच्या मेनूतली झोपेची वेळ कमी करा. वायर कापून तिची स्मरणशक्ती घालवणं हे डोकेदुखीवर डोकं उतरवण्यासारखं आहे.

सर्व्हिसिंगला बॅटरीची टर्मिनल काढली तर एकदा सगळं विसरलं जाईल, ते साहजिक आहे. त्यासाठी एक करा. सेटिंग लावून झालं की मेनूच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. परत लावायला पाच मिनिटं पुरतात.

आता खरं सेटिंग

स्मरणाचा प्रश्न मिटल्यावरच इथे या. आधी आलात तर माझ्यासारखं चार वेळा तेच काम कराल.

गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, पुढच्या चाकांना वीट लावा. इंजिन बंद ठेवून फक्त किल्ली फिरवायची आणि रिव्हर्स टाकायचा. ऑटोमॅटिकवाल्यांनी ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. हे यासाठी सांगतोय की कॅमेऱ्याच्या चित्राचा उजेड बऱ्याच स्क्रीनवर कॅमेऱ्याचं चित्र समोर असतानाच बदलता येतो. होमच्या डिस्प्ले मेनूत जाऊन तुम्ही ब्राइटनेस कितीही वाढवा, तो नकाशाचा आणि गाण्यांचा वाढतो. कॅमेऱ्याचं खातं वेगळं. रिव्हर्समध्ये असताना चित्रावर बोट टेकवलं की कोपऱ्यात एक चाकाचं चिन्ह किंवा सरकपट्ट्या येतात. कंपनीतून आलेल्या कित्येक गाड्यांतही असंच आहे, आणि लोक वर्षानुवर्षं गाडी चालवूनही त्यांनी तिथे कधी बोट लावलेलं नसतं.

बेसमेंटमधलं काळपट चित्र हा माझा दुसरा आजार होता आणि तो वायर दुरुस्त झाल्यावरही राहिला. सोसायटीच्या गेटबाहेर, उजेडात, चित्र चांगलं. रँप उतरून खाली आलं की काळं. मला वाटलं खाली अंधार असतो म्हणून. पण मोबाइलचा टॉर्च मागे धरून बघितला तरी काळंच. मग लक्षात आलं, रँपवर मी हेडलाइट लावतो. हेडलाइट किंवा पार्किंग लाइट लावले की नारिंगी वायरवर वीज येते आणि स्क्रीन समजते की रात्र झाली. रात्री डोळ्यांवर येऊ नये म्हणून ती स्वतःला मंद करते, आणि त्या मंदपणाचं माप कारखान्यातून अगदी तळाला ठेवलेलं असतं. हायवेवर ते बरोबर आहे. ट्यूबलाइटच्या बेसमेंटमध्ये नाही. ब्राइटनेसच्या पानावर दिवसाची आणि रात्रीची अशी दोन मापं असतात. लाइट लावून, रिव्हर्समध्ये राहून, रात्रीचं माप वर आणा. मी शंभरपैकी पंचावन्नवर ठेवलंय. कॉन्ट्रास्टला मात्र फार हात लावू नका. तो चढवला की खांबाची सावली आणि खांब एकच दिसायला लागतात. आणि रात्री खऱ्या अंधारात ब्राइटनेस रेटला की चित्रात नुसते दाणे येतात. तिथे मागचा रिव्हर्सचा बल्ब आणि त्याची पिवळी पडलेली काच यांच्याकडे बघावं.

याच काळेपणाचा एक भाऊ आहे. शेजारच्या एकांची तक्रार होती, दुपारी स्क्रीन अर्धी काळी दिसते, संध्याकाळी ठीक. बाहेर जाऊन त्यांच्या गाडीत बसलो, मला व्यवस्थित दिसत होतं. त्यांनी डोळ्यांवरचा गॉगल माझ्याकडे दिला आणि घातल्याबरोबर माझ्यासमोरही त्या स्क्रीनचा मावळतीचा सूर्य झाला. पोलराइज्ड गॉगल होता. एलसीडीतून येणारा प्रकाश एका दिशेत कंप पावत बाहेर पडतो. गॉगलची दिशा त्याच्या आडवी आली की तो अडतो. यावर सेटिंग नाही, गॉगल कपाळावर चढवणं आहे.

नंबरप्लेट उलटी दिसली पाहिजे

डाव्या-उजव्याच्या घोळात माणसं सगळ्यात जास्त अडकतात, कारण चूक डोळ्यांना बरोबर वाटते. मागे उभ्या असलेल्या गाडीची नंबरप्लेट स्क्रीनवर बघा. 'एमएच १२' सरळ, सुवाच्य वाचता येत असेल तर सेटिंग चुकलंय. रिव्हर्सचं चित्र आरशासारखं हवं, अक्षरं उलटी. म्हणजे तुमच्या डावीकडचा खांब स्क्रीनवरही डावीकडे राहतो आणि स्टीअरिंग फिरवताना हाताला विचार करावा लागत नाही. सरळ चित्रात तो उजवीकडे जातो. तुम्ही शहाण्यासारखं खांबापासून लांब वळवता आणि थेट खांबावर जाता. माझ्या तीन डागांना कॅमेऱ्यानंतर चौथाही लागला असता, तो असा.

खात्रीसाठी बंपरच्या डाव्या टोकाला जमिनीवर पाण्याची बाटली ठेवा आणि स्क्रीनवर शोधा. ती उजवीकडे दिसली तर स्क्रीनच्या मेनूत 'मिरर' किंवा 'फ्लिप' आहे. तो चालू असूनही चित्र सरळच येत असेल तर कॅमेराही मिरर करतोय आणि स्क्रीनही, दोन उलटे मिळून एक सरळ झालंय. बाजारातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांच्या शेपटीला दोन छोटे वायरचे वेटोळे असतात. एक कापला की मिरर बदलतो, दुसरा कापला की कॅमेऱ्याच्या रेघा जातात. कुठला रंग कशाचा हे कॅमेऱ्यागणिक बदलतं, त्यामुळे खोक्यातला कागद बघितल्याशिवाय कात्री लावू नका. आणि कापलेली टोकं टेपने बंद करा, पाऊस सगळीकडे शिरतो.

चित्रच येत नसेल, किंवा काळं-पांढरं येऊन वरखाली लोळत असेल, तर तो पद्धतीचा घोळ आहे. आपल्याकडे दूरदर्शन १९८२ साली, एशियाडच्या वर्षी, रंगीत झालं ते पाल पद्धतीत: ६२५ रेघा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिका-जपानची एनटीएससी म्हणजे ५२५ रेघा आणि जवळजवळ ३० चित्रं. दूरदर्शनचा तो जुना वाद आज तुमच्या डिकीत येऊन बसलाय, कारण साधे कॅमेरे दोन्हींपैकी कुठल्याही पद्धतीचे मिळतात. त्याहून नवे ते एएचडी, म्हणजे जास्त स्पष्ट चित्राचे, ७२० किंवा १०८० रेघांचे, तेही २५चे आणि ३०चे. स्क्रीनला कुठला कॅमेरा लावलाय हे सांगावं लागतं. न जुळणारा पर्याय असेल तर निळी किंवा काळी स्क्रीन आणि 'सिग्नल नाही'. कॅमेऱ्याच्या खोक्यावर काय लिहिलंय ते बघून तोच पर्याय निवडा. खोकं गेलं असेल तर एकेक लावून बघा, सहा-सातच असतात.

हा पर्याय बहुधा 'फॅक्टरी सेटिंग'च्या कुलपामागे असतो. कुणाचा कोड १२६, कुणाचा ३३६८, कुणाचा ८८८८. तुमचा बसवणाऱ्याला विचारून घ्या. आत गेलात तर कॅमेऱ्याचं पान सोडून बाकी कशाला हात लावू नका. तिथे स्क्रीनच्या टचचा आणि गाडीच्या प्रकाराचाही पर्याय असतो. चुकीचा दाबला की बोट इथे आणि टच तिथे, मग परत येण्याचं बटणसुद्धा सापडत नाही. अनुभव आहे, विचारू नका.

खडू आणि ओळंबा

रेघा लावण्याचं काम खरं मजेचं आहे आणि दुकानात ते कुणीच करत नाही, कारण त्याला अर्धा तास आणि मोकळी जागा लागते. दुकानात कॅमेरा 'साधारण' बसतो आणि रेघा कारखान्यातून येतात तशाच राहतात. त्या कुठल्यातरी दुसऱ्याच गाडीच्या असतात.

आधी बघा रेघांचे संच किती आहेत. एकावर एक तिरके दोन संच दिसत असतील तर एक कॅमेऱ्याचा आणि एक स्क्रीनचा आहे. कॅमेऱ्याचे हलत नाहीत, ते बंद करा. स्क्रीनचे ठेवा.

मग कॅमेराच सरळ आहे का ते. चित्राच्या तळाला तुमच्या बंपरची बोटभर कड आडवी दिसली पाहिजे. ती तिरकी असेल तर कॅमेरा वाकडा बसलाय, तो स्क्रू सैल करून फिरवा. वाकड्या कॅमेऱ्यावर सरळ रेघा काढणं म्हणजे वाकड्या भिंतीवर सरळ चौकट टांगणं. कड दिसतच नसेल तर कॅमेरा वर बघतोय, खाली झुकवा.

आता जमीन. मी दोऱ्याला एक नट बांधून ओळंबा केला आणि बंपरच्या सर्वांत मागच्या कडेवरून सोडला. नट जिथे टेकला तिथे खडूची खूण, ते शून्य. तिथून मागे टेपने अर्धा मीटर, एक मीटर आणि दोन मीटर मोजून आडव्या रेघा मारल्या. गाडीची रुंदी आरशांशिवाय १.७ मीटर, दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर जास्त धरून उभ्या रेघा मारल्या. या उभ्या रेघा गाडीच्या बाजूला समांतर हव्यात. त्यासाठी पुढच्या आणि मागच्या चाकाच्या बाहेरच्या कडेला दोरा ताणून तो मागे वाढवला. जमिनीवर असा पांढरा आखाडा तयार झाल्यावर वॉचमनकाका येऊन विचारून गेले, "कबड्डी आहे का, साहेब?"

मग गाडीत बसून स्क्रीनवरच्या रेघांची टोकं एकेक करून बोटाने ओढायची आणि खडूवर नेऊन ठेवायची. लाल रेघ अर्ध्या मीटरच्या खडूवर, पिवळी एकावर, हिरवी दोनवर. काही स्क्रीनवर ओढता येत नाही, वर-खाली-आत-बाहेर अशी बटणं असतात, तिथे धीर लागतो. कॅमेऱ्याची काच रुंद कोनाची असल्याने खडूच्या रेघा कडेला बाक घेतलेल्या दिसतील आणि स्क्रीनच्या सरळच राहतील. पूर्ण जुळणार नाहीत. जवळचं अर्धा मीटर अचूक जुळवा, लांबचं थोडं सोडून द्या. झालं की जतन करा आणि फोटो काढा.

स्टीअरिंगबरोबर वळणाऱ्या रेघांचा मोह पडतो. त्या खऱ्या चालायला स्क्रीनला गाडीच्या आतल्या संगणकाकडून चाकाचा कोन मिळावा लागतो. तो मिळत नसेल तर त्या रेघा बंद ठेवून साध्या स्थिर रेघांवर चालवणं मी पसंत करतो.

एवढं करूनही रेघा दोन ठिकाणी खोटं बोलतात, आणि ते सेटिंगने जात नाही. एक, चढ. रेघा सपाट जमिनीच्या हिशेबाने काढलेल्या असतात. मागे जमीन वर चढत असेल तर मागची वस्तू चित्रात वर सरकते आणि आहे त्यापेक्षा लांब वाटते. सहकारनगरकडून तळजाईला चढणाऱ्या गल्ल्यांत किंवा बेसमेंटच्या रँपकडे पाठ करून मागे जाताना हे हमखास होतं. उतारावर उलटं, वस्तू जवळ वाटते, ते परवडलं. आमच्या खांबावर आता चौथा डाग पांढरा आहे. तो माझा नाही, शेजारच्यांच्या नव्या एसयूव्हीचा, कंपनीच्या कॅमेऱ्यासकट. रँपच्या तोंडाशी तो खांब जरा दूरच दिसतो. दोन, लोंबणाऱ्या वस्तू. टेम्पोचा फळका, त्यातून बाहेर आलेल्या सळया, शिडी. रेघ जमिनीवरचं अंतर सांगते. टेम्पोची चाकं दोन मीटरवर असतात आणि फळका तुमच्या काचेत.

सेटिंग सोडून

चित्र येतं-जातं, डिकी आपटली की परत येतं, असं असेल तर मेनू बंद करा आणि डिकी उघडा. गाडीच्या छपरातून डिकीच्या दारात जाणारी एक घडीची रबरी नळी दिसेल, कॅमेऱ्याची वायर डिकीत तिच्यातूनच गेलेली असते. दार उघड-बंद होताना दर वेळी ती वाकते आणि आतली तार नेमकी तिथे तुटते, वरचं प्लास्टिक मात्र शाबूत राहतं. रिव्हर्समध्ये टाकून एकाने स्क्रीनकडे बघायचं, दुसऱ्याने नळी हाताने वाकवायची. चित्र लुकलुकलं की जागा सापडली. गाडीच्या मागे उभं राहणाऱ्याने इंजिन बंद असल्याची खात्री स्वतः करावी.

चित्रात आडवे पट्टे सरकत असतील तर आधी इंजिन बंद ठेवून बघा. बंद असताना स्वच्छ आणि सुरू केल्यावर पट्टे, म्हणजे अल्टरनेटरचा (इंजिनावर चालून वीज बनवणाऱ्या यंत्राचा) गोंगाट अर्थिंगमधून शिरतोय. कॅमेऱ्याची काळी वायर डिकीतल्या रंगलेल्या स्क्रूवरून काढून, रंग खरवडलेल्या पक्क्या पत्र्याला लावली की बहुधा जातं. मागे एलईडी बल्ब असलेल्या काही गाड्यांत रिव्हर्स लाइटची वीज तुकड्यातुकड्यांत येते, तिथे कॅमेरा लुकलुकतो. अशा वेळी मध्ये रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून कॅमेऱ्याला वीज थेट फ्यूजमधून देतात. गाडी वॉरंटीत असेल तर मूळ वायरिंग कापू देऊ नका, सॉकेटमध्ये बसणारे तयार जोड मिळतात, नाना पेठेत विचारा.

रिव्हर्स टाकल्यावर चित्र यायला वेळ लागतो अशीही तक्रार असते. अमेरिकेत १ मे २०१८पासून नव्या गाड्यांना कॅमेरा सक्तीचा आहे आणि चित्र दोन सेकंदांत आलंच पाहिजे असा नियम आहे. आपण बाहेरून लावलेल्या स्क्रीनला असं कुणी विचारत नाही. किल्ली फिरवून लगेच रिव्हर्स टाकला तर अँड्रॉइड अजून डोळे चोळत असतं. पिवळी वायर ठीक असेल तर स्क्रीन झोपेतून उठते, नव्याने जन्म घेत नाही, आणि हा वेळ बराच कमी होतो. मेनूत झोपेचा पर्याय 'लगेच बंद' असा असेल तर तो बदला. तिथेच 'रिव्हर्स डिले' दिसेल. दोन-तीन सेकंद ठेवला की पुढे-मागे करताना चित्र सारखं जात नाही.

पावसाळ्यात चित्र दुधाळ झालं तर बोटाने काच पुसून बघा. बाहेरचा चिखल असेल तर निघेल. आतून वाफ धरली असेल तर कॅमेऱ्यात पाणी शिरलंय. कॉन्ट्रास्ट वाढवून ते लपतं, जात नाही. खोक्यावर आयपी ६७ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) असलेला नवा घ्यावा. आणि धुलाईच्या सेंटरवर प्रेशरचा पाइप नंबरप्लेटवर जवळून मारतात, तेव्हा तिथे उभं राहून नको म्हणा. माझा पहिला कॅमेरा पावसाने नाही, त्या पाइपाने गेला.